आलेख जुळला, पुढे काय?

ज्या पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथे पॉलिमरच्या अभ्यासकांना परके वाटायचे कारण नाही. त्या आपलेपणानेच एक मत मांडतो: अर्धस्फटिकी पॉलिमरचे मॉडेल ताण-विकृतीच्या आलेखाशी जुळले, एवढ्याने ते खरे ठरत नाही.

पॉलिएथिलीन घ्या. त्यात काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीची स्फटिकी पटले आणि त्यांच्यामध्ये गुंतलेल्या साखळ्यांचे मऊ थर असतात. ते ओढले की पटले घसरतात, मोडतात, नव्या दिशेने रचली जातात. हे नेमके कसे घडते यावरचा वाद जुना आहे. पटले तुटून तंतू बनतात, असे पॉलिमर-संशोधक पीटरलिन यांनी मांडले. स्फटिक अंशतः वितळून पुन्हा घडतात, असे फ्लोरी आणि यून यांनी १९७८ मध्ये सुचवले. स्थिरांक जुळवत बसले, तर दोन्ही कल्पनांतून प्रयोगाजवळचा आलेख काढता येतो. नुसता जुळलेला आलेख पुरेसा नाही, याचा त्याहून बोलका पुरावा गालेस्की आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आहे. स्फटिक पुरेसे बळकट असतील, तर ते घसरण्याआधीच मऊ थरांत सूक्ष्म पोकळ्या पडतात. हे ओढताना घडते, दाबताना नाही. म्हणजे केवळ ओढण्याच्या चाचणीवर बेतलेले मॉडेल पोकळ्यांमुळे आलेला कमकुवतपणा स्फटिकाच्या खाती जमा करते आणि दाबाखालच्या वर्तनाबाबत फसते.

अभियंता म्हणेल, मला नळ बनवायचा आहे, पटलांशी माझे काय काम? काही मिनिटांच्या भारापुरते त्याचे बरोबर आहे. पण पाण्याच्या पॉलिएथिलीन नळाचे गणित ५० वर्षांसाठी मांडतात, आणि दीर्घ काळात तो फुगून नव्हे, तर कमी ताणाखाली हळूहळू वाढणाऱ्या तड्याने फुटू शकतो. तो तडा किती लवकर वाढेल, हे पटलांना जोडणाऱ्या साखळ्या किती काळ तग धरतात यावर ठरते. अल्पकालीन आलेखात ती माहिती नसतेच. दुसरा आक्षेप असा की संगणकावरील रेण्वीय अनुकरण (सिम्युलेशन) हे कोडे सोडवील. ते दिशा दाखवते, हे मान्य. परंतु नॅनोसेकंदांत चालणारे अनुकरण प्रयोगशाळेपेक्षा अब्जावधी पट वेगाने ओढते, आणि वेग बदलला की यंत्रणाही बदलू शकते. म्हणून माझी विनंती आहे, की या परिषदेत मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलसोबत क्ष-किरण मापन, घनफळातील बदल आणि दाबाची चाचणी, यांपैकी किमान एका गोष्टीचे भाकीत पडताळून दाखवावे, आणि ते चुकले असेल तर त्यावरही तितकाच वेळ चर्चा व्हावी.