मीराबेन : साबरमतीतील पहिले दिवस



दि. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी इंग्लंडमधील एका ॲडमिरलच्या कन्या मॅडेलिन स्लेड साबरमती आश्रमात दाखल झाल्या. मांसाहार त्यागून, जमिनीवर निजून, कातणे-विणणे शिकून त्यांनी वर्षभर पूर्वतयारी केली होती. चरणांशी वाकलेल्या मॅडेलिन यांना गांधीजींनी उठविले व कन्या म्हणून स्वीकारले. पुढे ‘मीरा’ हे नाव दिले. त्यानंतर मात्र विश्रांती नव्हती. शौचालयांची सफाई, कापूस पिंजणे, सूतकताई आणि हिंदीचे धडे हाच त्यांचा दिनक्रम ठरला.

पाहुण्यांना पंगत मिळते, घरच्या लेकीला जबाबदारी! आपल्या घरी आलेल्या नव्या सुनेस वा परगावच्या विद्यार्थ्यास आपण यांपैकी काय देतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.