हजेरीपटांतील पराक्रम

जानेवारी महिना उजाडला, कीं गांवोगांवच्या प्राथमिक शाळांतून स्नेहसंमेलनांची धांदल सुरू होते. पताका लागतात, पाहुणे येतात, धांवण्याच्या शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलास वही-पेन्सिल मिळते आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत चमकलेल्या विद्यार्थ्याचें नांव फळ्यावर रंगीत खडूनें लिहिलें जातें. हें कौतुक योग्यच आहे. परंतु आज ज्या पराक्रमांविषयीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे, त्यांस अशा समारंभांत बक्षीस नसतें. ते वर्षभर, रोजच्या रोज घडत असतात. आणि त्यांची नोंद कोठें सांपडलीच, तर ती शाळेच्या हजेरीपटांत सांपडते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत सोळा तालुके आहेत. पुसद-दिग्रसकडे बंजारा समाजाचे तांडे आहेत. केळापूर, मारेगांव, झरी जामणी या भागांत गोंडांचीं गांवें आणि कोलामांचे पोड आहेत. १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांचा भार त्यांच्याकडे आला. उर्वरित महाराष्ट्रांत जूनच्या मध्यास शाळेची घंटा वाजते. विदर्भांत उन्हाचा ताप ओसरावयास वेळ लागतो, म्हणून ती जूनच्या अखेरीस वाजते.

शाळा म्हणजे बहुधा दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप आणि अंगणांत एखादा कडुनिंब. साठपर्यंत मुलें असल्यास कायद्याप्रमाणें शिक्षक दोन. म्हणजे चार-पांच इयत्ता दोघांनीं सांभाळावयाच्या. एका वर्गानें पाढे म्हणावयाचे, दुसऱ्यानें शुद्धलेखन लिहावयाचें, आणि तिसरींतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीनें पहिलींतल्या भावाचा हात धरून अक्षरें गिरवून घ्यावयाचीं. शहरांतील पालकांस ही गैरसोय वाटेल, आणि ती आहेहि. तथापि याच गैरसोयींत मुलें एकमेकांस शिकवावयास शिकतात, हेंहि तितकेंच खरें.

आतां पहिला पराक्रम पाहूं. तो म्हणजे हजर राहण्याचा. दसरा उलटला, कीं पऱ्हाटीचीं बोंडें फुटूं लागतात. शेतांत सीतादही होते आणि वेचणीस आरंभ होतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणून घरांतील जितके हात शेतांत, तितका पैसा अधिक. लहान बोटांनीं बोंड चटकन् मोकळें होतें, हें सर्वांस ठाऊक असतें. जी मुलगी शेतांत जात नाहीं, तिच्याकडे घर, चूल आणि तान्हें भावंड हीं येतात. पटावरील नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागतात, त्या याच दिवसांत. गुरुजी सायंकाळीं घरीं गेले, कीं आई म्हणते, “गुरुजी, चार दिवस तं जाऊ द्या, वेचणी आटोपली का पाठवतोच.” गुरुजींस उत्तर द्यावें लागतें, “माय, चार दिवसांचे चाळीस होतात.” त्या माउलीस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? तिच्या संसाराचें वर्षभराचें गणित त्या दोन महिन्यांवर बसलेलें असतें. अशा दिवसांत धाकट्या भावास कडेवर घेऊन जी मुलगी वर्गांत येऊन बसते, तिनें काय साधलें, हें गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.

हजेरीचें मोल शासनानेंहि ओळखलें होतें. दुर्बळ घटकांतील मुलींसाठीं महाराष्ट्रांत १९९२ सालीं उपस्थिती भत्ता सुरू झाला. हजर राहिल्याच्या प्रत्येक दिवसास एक रुपया. पुढें तीस वर्षें लोटलीं, तरी तो रुपया रुपयाच राहिला; पण त्यामागील विचार मोठा होता. १९९५ पासून शाळेंतील मुलांस धान्य मिळूं लागलें, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर धान्याच्या जागीं शिजविलेलें अन्न आलें. प्राथमिक वर्गांतील मुलामागें १०० ग्रॅम धान्य धरलेलें असतें. आकडा अल्प दिसतो. परंतु आईबाप पहांटेसच शेतांत गेलेले असतां, दुपारच्या गरम खिचडीचा वास ज्या मुलास शाळेकडे ओढून आणतो, त्याच्या दृष्टीनें हा आकडा अल्प नसतो. मुलें ओळीनें बसतात, जातीपातीचा विचार न करितां एका पंक्तीस जेवतात आणि आपापलें ताट आपण घांसतात. नागरिकशास्त्राचा हा धडा पुस्तकांतील धड्याहून अधिक काळ टिकतो.

दुसरा पराक्रम भाषेचा. शहरांतील मूल ज्या भाषेंत आईशीं बोलतें, त्याच भाषेंत बहुधा पहिलें पुस्तक उघडतें. आमच्याकडे तसें नसतें. पाण्यास गोंड बालक ‘येर’ म्हणतें, कोलाम बालक ‘ईर’ म्हणतें. बंजारा बालकाची आई ही ‘याडी’ असते. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळांतील भाषा आहेत. मराठीशीं त्यांचें सख्य शेजाराचें, रक्ताचें नव्हे. सहा वर्षांचें हें बालक शाळेंत येतें, तेव्हां त्यास अक्षर आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं शिकाव्या लागतात. पहिले कांहीं महिने तें गप्प बसतें, आणि अनोळखी मनुष्य त्यास मंद समजतो. वस्तुतः तें ऐकत असतें, सांठवीत असतें. दिवाळीनंतर एके दिवशीं तें उभें राहतें आणि मराठींत एक सबंध वाक्य बोलतें. कोलाम ही महाराष्ट्रांतील तीन आदिम जमातींपैकीं एक. अशा घरांतील मुलाचें तें पहिलें वाक्य म्हणजे एखाद्या पदवीइतकीच मोठी गोष्ट होय. आणि ज्या शिक्षकानें तत्पूर्वीं त्या मुलाच्या भाषेंतील पन्नास शब्द स्वतः शिकून घेतले, त्याचाहि या यशांत मोठा वांटा असतो.

तिसरा पराक्रम हिशेबाचा. समजा, आईनें दिवसभरांत ३७ किलो कापूस वेचला आणि मजुरी किलोस ९ रुपये ठरली आहे. मजुरी झाली ३३३ रुपये. चिठ्ठीवर मात्र ३४ किलोंचे ३०६ रुपये मांडलेले आहेत. चौथींतील मुलगी कंदिलाजवळ असो वा विजेच्या दिव्याखालीं, ती चिठ्ठी वाचते आणि म्हणते, “माय, सत्तावीस रुपये कमी आहेत.” आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा येथें ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली होती. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्यानंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. ती योजना पुढें मागें पडली. पण ज्ञानाचा संबंध हातच्या कामाशीं असावा, हें तिचें सूत्र त्या सत्तावीस रुपयांत जिवंत आहे.

श्रोतेहो, हे तीनहि पराक्रम शाळा घराजवळ असल्यामुळें घडतात, आणि चिंतेचा विषय येथेंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्यांत वीसांहून कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्या, असा प्रस्ताव पुढें आला. मोठ्या शाळेंत प्रत्येक वर्गास शिक्षक मिळतो, क्रीडांगण मिळतें, सवंगडी मिळतात. हे लाभ मी नाकारीत नाहीं. जाण्यायेण्यास वाहन देतां येईल, असेंहि सांगितलें जातें. परंतु पावसाळ्यांत नाल्यास पूर आला, कीं वाहन अलीकडे आणि मूल पलीकडे. २०१८ सालीं राळेगांव-पांढरकवडा भागांत वाघिणीची दहशत पसरली होती. २ नोव्हेंबर रोजीं तिला ठार मारीपर्यंत मोठीं माणसेंहि एकटीं शेतांत जावयास धजत नव्हतीं. अशा मुलखांत सात वर्षांच्या मुलीची शाळा दोन कोस दूर गेली, तर वेचणीच्या दिवसांत तिला घरीं ठेवावयास आईस एक सबळ कारण मिळतें. शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा महाराष्ट्राचा नियम आहे. तो कांहीं उगीच केलेला नाहीं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. मूल शाळेंत येऊं शकत नसेल, तर शाळेनें मुलाकडे जावें, हा त्यांचा मार्ग होता. आमच्या वऱ्हाडांतील गाडगेबाबा तर कीर्तनांतून सांगत, कीं जेवावयाचें ताट विकावें लागलें तरी विका, पण लेंकरांस शिकवा. ताट विकून मुलास शाळेंत घालावयास निघालेल्या बापास शाळा जवळ सांपडली पाहिजे. शाळा बंद करण्यापूर्वीं पट मोजणाऱ्यांनीं ती मुलगी कोणत्या वाटेनें चालणार, हें एकदां तरी स्वतः चालून पाहावें.

आपणांपैकीं पुष्कळ जण शहरांत राहतात. आपलें मूळ गांव कोठें तरी असेलच. पुढील संमेलनास तेथें जावयाचा योग आला, तर मुख्याध्यापकांकडे तीन गोष्टी मागाव्या. वेचणीच्या दोन महिन्यांत ज्यांचा खाडा झाला नाहीं, त्या मुलांचीं नांवें व्यासपीठावरून वाचावीं. एक गोष्ट मराठींत, तशी एक कोलामी, गोंडी वा बंजारा बोलींत मुलांनीं सांगावी, म्हणजे मागें बसलेल्या आईसहि ती कळेल. आणि वर्षभर जिनें खिचडी रांधली, त्या बाईस नारळ द्यावा. याला खर्च फारसा नाहीं. पण आपण रोज करतों तेंहि कोणी पाहत आहे, हें त्या मुलांस आणि त्यांच्या घरच्यांस कळेल, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत येण्यास त्यांस एक कारण अधिक मिळेल.