ठोक्यांवरून कॅलरी

व्यायामात किती कॅलरी खर्च झाल्या हे नेमके कळायचे, तर शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते मोजावे लागते. प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा चढवून, श्वासोच्छ्वासाची हवा तपासून हे काम होते. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ५ कॅलरी खर्ची पडतात. साखर जळते की चरबी, यावर हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती पहाटे फेरी मारणाऱ्यांना असा मुखवटा बांधणे शक्य नाही. तिथे हार्ट रेट मॉनिटर कामाला येतो. स्नायूंना ऑक्सिजन रक्तातून मिळतो आणि रक्त हृदय पुरवते, त्यामुळे श्रम वाढले की ठोकेही वाढतात. चालणे, पळणे, सायकल चालवणे अशा एका लयीतल्या व्यायामात, श्रम मध्यम किंवा त्याहून थोडे अधिक असताना, ठोके आणि ऑक्सिजन जवळजवळ एकाच प्रमाणात चढतात. उपकरणाचा सगळा हिशेब या नात्यावर उभा आहे. ते मोजते ठोके. कॅलरीचा आकडा हा त्यावरून बांधलेला अंदाज.

फिनलंडमधल्या पोलर कंपनीने १९८२ साली अंगावर बांधण्याजोगा पहिला बिनतारी मॉनिटर बाजारात आणला. छातीच्या पट्ट्याचे तत्त्व आजही तेच आहे: हृदयाचे विद्युत्-संकेत कातडीवरून टिपायचे. पट्टा कोरडा असेल तर सुरुवातीला आकडे भरकटतात, म्हणून बांधण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करतात. मनगटी घड्याळ बहुधा हिरवा प्रकाश कातडीत सोडते आणि परतलेल्या प्रकाशावरून रक्ताची हालचाल ओळखते. ते सैल बसले किंवा मनगट सारखे वाकत राहिले की मोजमाप चुकते.

ठोक्यांवरून कॅलरी काढण्याची सूत्रे अनेक आहेत. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका सूत्रात ठोक्यांबरोबर वय, वजन आणि स्त्री-पुरुष हा भेद धरला आहे. त्यानुसार ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे ठोके मिनिटाला ११० असतील तर मिनिटामागे साधारण ८.७ कॅलरी येतात. १३० असतील तर ११.७. हाच माणूस खुर्चीत बसून असताना ठोके ८० भरले, तर सूत्र मिनिटाला ४ कॅलरी दाखवते. प्रत्यक्ष खर्च एका कॅलरीच्या आसपास असतो. सूत्र व्यायामासाठी बांधलेले, ते विश्रांतीला लावले की असे होते. म्हणून मॉनिटर व्यायामापुरताच चालू ठेवावा आणि त्यात वजन खरे भरावे. लाजेखातर पाच किलो कमी लिहिणारे हिशेब मुळातच बिघडवतात.

ऊन हा दुसरा घोटाळा. एप्रिल-मेमध्ये शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त जाते, घामाने पाणी कमी होते, आणि वेग तोच असला तरी ठोके चढत राहतात. वरच्याच सूत्राने १० ठोक्यांची अशी वाढ अर्ध्या तासात सुमारे ४५ कॅलरी फुकटच्या दाखवते.

सर्वांत मोठी फसगत मात्र तालमीत होते. बैठकांमध्ये मांड्यांचे मोठे स्नायू राबतात. जोर मारताना भार हात, खांदे आणि छातीवर येतो. तेवढ्याच ऑक्सिजनला हातांच्या कामात ठोके जास्त पडतात, म्हणजे जोरांची कॅलरी फुगून दिसते. शिवाय प्रत्येक जोराला मनगट मागे दुमडते, तेव्हा घड्याळाचे ठोकेही भरवशाचे राहत नाहीत. लाल मातीत जोडीदाराची पकड धरून ठेवताना तर हालचाल जवळपास शून्य, स्नायू आवळलेले, आणि रक्तदाब व ठोके उसळलेले असतात. यंत्र त्याला पळणे समजते. लढतीत पट्टा किंवा घड्याळ बांधता येत नाही, हे पैलवानाला सांगायला नकोच.

बीटा ब्लॉकर गटाची औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत उलटे घडते. ठोके दबलेले राहतात आणि खर्च कमी दिसतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांवर सात मनगटी उपकरणांची परीक्षा झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सातांपैकी सहांनी ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. कॅलरीत मात्र सर्वांत चांगले उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा एकाच माणसाने, एकाच उपकरणावर, त्याच रस्त्याच्या आजच्या आणि महिन्यापूर्वीच्या फेरीची तुलना करणे रास्त; दोघांनी आपापले आकडे शेजारी मांडून पैज लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक वजाबाकी बहुतेक जण विसरतात. ७० किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला ७० कॅलरी खर्च करतो. ताशी ५ किलोमीटरने तासभर चालल्यावर एकूण खर्च २४५च्या आसपास जातो, पण चालण्याची खरी कमाई १७५. परतताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे पाव लिटर धारोष्ण दूध घेतले, तर तेवढ्यात सुमारे अडीचशे कॅलरी पोटात जातात.