नेम आणि शेजार



संतसाहित्याच्या संमेलनाचं अध्यक्षपद पेठसारख्या गावी माझ्या वाट्याला आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. एकतीस वर्षं मी या डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळांत शिकवलं. करंजाळी, कोहोर, जोगमोडी ही माझ्या पायांनी ओळखलेली गावं आहेत. सावळ घाट चढून आल्यावर अंगाला जी हवा लागते, ती लागली की घरी आल्यासारखं वाटतं.

‘व्यक्तिगत साधना आणि समाजाचं भलं’ हा विषय मला दिला आहे. साधना हा शब्द आपल्या घरांत फारसा कुणी उच्चारत नाही. आपण म्हणतो नेम. ‘त्याचा नेम आहे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून मी नेमाबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझ्या वडिलांनी त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांच्या समाधीसमोर तुळशीची माळ घातली, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. पौष वद्य एकादशीची ती यात्रा होती. माळ घातली आणि घरातली दारू त्याच दिवशी थांबली. आईच्या चेहऱ्यावरचं भय गेलं. मी शाळेत टिकलो तो त्या माळेमुळे, हे मी आजवर विसरलेलो नाही. एका माणसाच्या नेमाने एक घर उभं राहतं, हे मला कुठल्या ग्रंथात शोधावं लागलं नाही.

पण त्याच माळेने दुसरीही एक गोष्ट केली. माझे धाकटे चुलते डोंगऱ्यादेवाचं व्रत करणारे. त्यांच्या घरी कोंबडं कापलं जाई. वडिलांनी त्यांच्याकडे जेवणं सोडलं, मग पाणी पिणं सोडलं. दोन्ही झोपड्यांत एक कुडाची भिंत. अलीकडे हरिपाठ, पलीकडे पावरी. आई कुडाच्या फटीतून पलीकडे नागलीची भाकरी द्यायची आणि वडील पाहून न पाहिल्यासारखं करायचे. ही अवस्था सात वर्षं चालली.

एका आषाढात, आवणीच्या ऐन दिवसांत, रात्रीच्या पावसाने आमच्या खाचराचा बांध फुटला. लावलेली रोपं वाहून चालली. उजाडायच्या आत कंबरभर पाण्यात उभा असलेला पहिला माणूस माझा चुलता होता, आणि त्याच्यामागे त्याच्या सावडीतली पाच माणसं. दुपारपर्यंत बांध धरला गेला. वडील तिथूनच, चिखलाच्या पायांनी, भावाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, “पाणी दे.” चुलते घुटमळले. “तुमची माळ...” एवढंच ते बोलले. वडील म्हणाले, “माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या चुलीला नाही.” त्यांनी नेम मरेपर्यंत मोडला नाही. कोंबडं खाल्लं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या नेमात भाऊ परत आला.

मित्रहो, डोंगऱ्यादेवाचा नेम काही हलका नाही. मार्गशीर्षात माणसं अनवाणी राहतात, दारू शिवत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात, पावरीच्या सुरावर गावोगाव फिरतात आणि पुनवेला डोंगरावर देवाच्या जागी जातात. हे व्रत धरणाऱ्यांना आपण काय म्हणतो? माउल्या. आणि पंढरीच्या वाटेवरचा वारकरी समोरच्याला काय हाक मारतो? माउली. दोघांना एकच हाक आहे. तरीही आपल्या कित्येक पाड्यांवर आज माळकरी आणि देवकरी असे दोन तट आहेत. लग्नाच्या पंगती वेगळ्या होतात. पोरांना सांगितलं जातं की पलीकडचा देव खरा नाही. ज्या परंपरेने जातीची उतरंड भक्तीच्या मैदानात मोडायचा प्रयत्न केला, तिच्याच नावाने नवी शिवाशिव सुरू व्हावी, याचं मला अतोनात दुःख होतं आणि ते मी इथे मोकळेपणाने बोलून दाखवतो.

आपल्या नाशिक जिल्ह्याला या शिवाशिवीचा मोठा धडा मिळालेला आहे. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांसारखे झुंजार कार्यकर्ते आणि मागणी फक्त एवढी की रामाचं दर्शन घेऊ द्या. त्या वेळी मंदिरात पूजा होत नव्हती का? रामकुंडावर पहाटेची स्नानं होत नव्हती का? जप, उपास, पारायणं, सगळं चालू होतं. ती माणसं नेमाची पक्की होती. पण सत्याग्रह वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. साधना समाज घडवते असं आपण ज्या उत्साहाने सांगतो, त्या उत्साहाला मी हे दार नेहमी दाखवतो. दाराबाहेर उभा असलेला माणूस ज्या नेमात मावत नाही, तो नेम करणाऱ्याला शांत झोप देईल. समाजाला त्यातून काही मिळत नाही.

मग मिळतं कधी? यासाठी मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. 1932 साली विनोबा तिथे शिक्षा भोगत होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. अठरा रविवार, अठरा अध्याय. ते शब्द आपल्यापर्यंत आले, कारण कैद्यांमध्ये बसून साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्या तुरुंगातल्या दोन नेमांचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक बोलणाऱ्याचा आणि एक लिहिणाऱ्याचा. लिहिणाऱ्याने स्वतःचं काही मध्ये आणायचं नाही, दुसऱ्याचा शब्द निसटू द्यायचा नाही, आठवड्यामागून आठवडा. ऐकण्याची एवढी सवय ज्या मनाला लागली, त्याला पुढे बंद दाराबाहेरच्या माणसाची हाक ऐकू आली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

पंधरा वर्षांनी, 1 मे 1947 रोजी, गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी गावोगावची माणसं या प्रश्नावर जागी केली होती. पंढरपुरात त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे वारकऱ्यांनीच. दार उघडण्याचं नक्की झालं आणि उपोषण सुटलं. आपल्याकडे उपास काय कमी होतात? एकादश्या, सोमवार, चतुर्थ्या. त्यांतलं पुण्य आपण आपल्या नावावर जमा करतो. गुरुजींनी तीच भूक घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने खर्च केली. गाडगेबाबांचं कीर्तनही असंच. आधी हातात खराटा, गाव स्वच्छ, आणि मग देवाचं नाव.

आता इथले तरुण कार्यकर्ते मला विचारतील, आणि मघाशी दोघांनी विचारलंच, की सर, आमचे प्रश्न हक्कांचे आहेत. दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो दमणगंगेतून समुद्राला जातो आणि चैत्र-वैशाखात आमच्या बाया विहिरीच्या तळात उतरून वाटीने पाणी भरतात. याला नेम काय करणार? बरोबर आहे. पाण्याला योजना लागते, जमिनीला कायदा लागतो. हरिपाठाने विहीर भरत नाही. असं जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहा.

पण कायद्याकडेही नीट पाहू. 2006 चा वनहक्क कायदा आपण लढून मिळवला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. ज्याच्याकडे कागद नाही त्याने काय करायचं? कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं निवेदनही धरलं आहे. दावेदार सोडून दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याने सांगायचं की हा माणूस, याचा बाप, इथे नागली पेरत होता, आणि ते लिहून घ्यायचं. म्हणजे दिल्लीत झालेला कायदा अखेर पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर येऊन टेकतो. दावेदाराशी त्याचं जुनं भांडण असेल तर? त्या बांधावर त्याच्याच मुलाचा डोळा असेल तर? त्या क्षणी त्याला पाहणारं कुणी नसतं. आयुष्यभर रोज संध्याकाळी स्वतःला आवरायची सवय ज्याने लावून घेतली, त्याची जीभ तिथे सरळ राहण्याची आशा जास्त. मी खात्री देत नाही, आशा म्हणतो. नेम माणसाला तयार करतो तो अशा कसोटीच्या घडीसाठी, असं मी मानतो.

अशी कसोटी मजुरीच्या हिशेबातही लागते. दिवाळीनंतर आपली निम्मी घरं कुलूप लावून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात. आमच्या गावचा एक मुकादम आहे, नाव सांगितलेलं त्याला आवडणार नाही. बागेत मुक्कामाला असताना तो रात्री हरिपाठाला बसतो. पण बसण्याआधी टोळीतल्या सगळ्यांना गोळा करून त्या दिवसाचा हिशेब मोठ्याने सांगतो. कुणाची किती मजुरी, कुणाची किती उचल फिटली, बागायतदाराने किती दिले, स्वतःचे किती घेतले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायासुद्धा त्याच्याशी हुज्जत घालतात, आणि हुज्जत मिटल्याशिवाय तो टाळाला हात लावत नाही. मी एकदा विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, “सर, एका वर्षी एका बाईचे दोन दिवस मांडायचे राहिले. हरिपाठात मनच लागेना.” संतसाहित्यावरची पुष्कळ व्याख्यानं मी ऐकली आहेत, दिलीही आहेत. या वाक्याइतकं मला त्यांतलं काही लागलं नाही.

हे संमेलन लिहिणाऱ्यांचं आहे, म्हणून शेवटी कामाचं बोलतो. आपल्या कोकणा जमातीच्या वस्त्यांमध्ये थाळगान करणारी म्हातारी माणसं अजून आहेत. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढायची, आणि त्या घुमणाऱ्या सुरावर रात्रभर कणसरीची कथा लावायची. धान्याची ही आई रुसून जाते आणि माणसाला तिची समजूत काढावी लागते, ही कथा ऐकूनच आपल्या पिढ्या अन्न पायदळी न तुडवायला शिकल्या. हे गाणारे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्यासोबत कथाही.

आमच्या माळकरी मुलांचं अक्षर सुरेख आहे, गाथा उतरवून त्यांचा हात बसलेला आहे. मी त्यांना आज मागणं मागतो. या मार्गशीर्षात दर रविवारी एकाने डोंगऱ्यादेवाच्या एका भगताच्या किंवा थाळकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं. आपलं काही मध्ये न आणता, त्यांच्याच बोलीत, शब्द न शब्द लिहून घ्यावा. ते देतील ती भाकरी खावी. वह्या मी आणल्या आहेत, मंडपाच्या दाराशी डाव्या हाताला ठेवल्या आहेत. ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी जेवणाआधी द्यावं. पहिल्या रविवारी मी स्वतः माझ्या चुलत्यांच्या नातवासोबत निघणार आहे.