आधी पाणी बंद, मग व्हायरस साफ

आज बोलतोय पोफळीतून, घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून. विषय आहे व्हायरस आणि स्पायवेअर काढायचा. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

बाबांच्या पीसीवर मी एक क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो? आठवड्याभरात ब्राउझरला भलतंच होमपेज, कोपऱ्यात लॉटरीच्या जाहिराती, आणि पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट. बाबांचं पेन्शनचं खातं याच पीसीवर चालायचं. मी घाबरलो आणि तिथेच बसून नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला.

इथेच चुकलं ना! स्पायवेअरमध्ये कीलॉगर असेल, तर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तो टिपतो आणि बाहेर पाठवतो. म्हणजे नवा पासवर्डही चोराच्या हातात. नशीब, पैसे शाबूत राहिले.

बाबा इथल्याच कोयनेच्या वीजघरातून रिटायर झालेत. त्यांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे, टर्बाइनला हात लावायचा तर आधी पाणी बंद करतात." कॉम्प्युटरचंही अगदी तेच आहे. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, नेट तोडा. वायफाय बंद, केबल बाहेर. माहिती बाहेर जायची थांबते.

दुसरं, पासवर्ड बदला, पण आपल्या मोबाईलवरून. आधी ईमेलचा, कारण बाकीच्या खात्यांचे रीसेट तिथेच येतात. मग बँकेचा. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आऊटही करा.

तिसरं, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. गडबड सुरू झाली त्या दिवसांत आलेलं, अनोळखी असं काही दिसलं, तर नाव मोबाईलवर शोधा आणि नको ते काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशनच्या परवानग्याही बघा. माझ्याकडच्या लॉटरीच्या जाहिराती व्हायरस नव्हत्याच. कुठल्यातरी साइटवर मीच 'अलाऊ' दाबलं होतं!

चौथं, स्कॅन. डिफेंडर अपडेट करण्यापुरतंच नेट लावा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन आधी फुल स्कॅन, आणि पेनड्राइव्ह लावून त्याचा वेगळा कस्टम स्कॅन. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. यात पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आत तपासणी होते. चालू विंडोजमध्ये लपून बसणारा व्हायरस तेव्हा जागा नसतो. टर्बाइन थांबवून बघण्यासारखंच झालं. दुसरं मत हवं असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची टूल्स मोफत आहेत. २०१७ पासून हे केंद्र चालू आहे. मात्र कायमचे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर फोटो आणि कागदपत्रं कॉपी करून घ्या. सॉफ्टवेअरच्या फाइल्स अजिबात घेऊ नका. मग 'रीसेट धिस पीसी'मध्ये सगळं पुसून टाका. मीही शेवटी तेच केलं. अख्खा रविवार गेला, पण बाबांचं खातं निर्धास्त झालं.

पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

आणि हो, घरच्या पीसीवर क्रॅक तुम्हीच टाकलेलं असेल, तर आजच सांगून टाका. भेटू पुढच्या भागात!