मानेवरचं ओझं आणि छातीतली धडधड

(पुण्यात कचरावेचक महिलांच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात पर्वतीच्या पायथ्याला राहणाऱ्या एका ताईंबरोबर मी दवाखान्यात गेले होते. दोन वर्षं त्यांची मान दुखते आहे. त्याबरोबर छातीत धडधड, हातांना घाम, रात्री झोप नाही. डॉक्टरांनी मानेसाठी गोळ्या दिल्या आणि बाकीच्यावर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "म्हंजी मी सोंग करते का?"

नाही, ताई सोंग करत नाहीत. का, ते सांगते.

हृदयाचे ठोके, घाम, पचन आपण ठरवून चालवत नाही. ते काम स्वायत्त मज्जासंस्था करते. तिचा एक भाग संकटात शरीराला लढायला किंवा पळायला तयार करतो : ठोके वाढतात, घाम सुटतो. दुसरा भाग संकट टळल्यावर शरीर शांत करतो. जुनाट दुखणं हे शरीराच्या लेखी न टळणारं संकट असतं. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर थोडं कमी-जास्त होतं. मान-खांदे सतत दुखणाऱ्यांच्या काही अभ्यासांत हा फरक कमी झालेला आढळला. शांत करणारा भाग दबला की असं होतं. मग झोप मोडते, आणि झोप मोडली की दुखणं आणखी वाढतं.

आता आपलं काम पाहा. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा बाया कुंड्यांमधला माल वेचून डोक्या-पाठीवर पोती वाहत होत्या. 2008 मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्था आली, दारोदार जाऊन कचरा गोळा करणं आलं, ढकलगाड्या आल्या. तरी माल निवडताना अनेकींची मान तासन्‌तास खालीच असते. घरी पाणी, स्वयंपाक. काहींच्या घरी दारू आणि मार. नवऱ्याची चाहूल लागताच जिचे खांदे आखडतात, तिची मान नुसत्या मलमानं कशी सैल होणार?

म्हणून दवाखान्यात सगळ्या तक्रारी एकत्र सांगा. धडधड रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉइडनंही होते, तपासणी मागा. हात बधिर होणं, पकड सुटणं, चालताना तोल जाणं हे अंगावर काढू नका. छातीत कळ आली, दम लागला तर लगेच मोठा दवाखाना गाठा. मानेचे हलके व्यायाम, सावकाश श्वास सोडणं यांचा उपयोग होतो. पण बाईला व्यायाम शिकवायचा आणि तिचं ओझं तसंच ठेवायचं, ही फसवणूक आहे. माल निवडायला सावली आणि कमरेएवढ्या उंचीचं टेबल, ही आपली आरोग्याचीच मागणी आहे. घरातला मार थांबणं, हीसुद्धा.

त्या ताई परवा पुन्हा दवाखान्यात गेल्या. या वेळी त्यांनी चारही तक्रारी सांगितल्या, आणि केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत.