सनद आणि छापखाना

मदरशाचा विषय निघाला की आपण एकच विचारतो: तिथे गणित-विज्ञान शिकवतात का? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आड एक मोठा प्रश्न झाकला जातो. धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला, आणि तो येतो कुठून?

याचे जुने उत्तर आपल्या शहरात, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), सापडते. पाहुणे आले की आपण त्यांना इथली पाणचक्की दाखवतो. तो मुळात बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींचा तकिया, म्हणजे मठ. अठराव्या शतकात आझाद बिलग्रामींसारखे अरबी-फारसीचे पंडित तिथे राहत. त्या काळात ग्रंथ उस्तादासमोर बसून वाचायचा, आणि सनद, म्हणजे तो शिकवण्याची परवानगी, मिळायची ती त्याच्या हातून. सनदेत त्याच्या उस्तादांची, त्यांच्याही उस्तादांची मालिका असे. अधिकार या साखळीतून येई.

ही रीत पुढे बदलली. 1866 मध्ये देवबंदच्या मदरशात ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा, पगारी शिक्षक आणि लोकवर्गणी आली. परंपरेचा हा बालेकिल्ला रचनेत इंग्रजी अमलातल्या शाळांच्या वळणावर गेला होता, हे इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी 1982च्या ग्रंथात दाखवले.

आता आपल्या शहराकडे येऊ. अबुल आला मौदूदी 1903 साली इथे जन्मले. वडील वकील; त्यांनी मुलाला इंग्रजी शिक्षणापासून दूर ठेवून घरीच अरबी, फारसी, उर्दू शिकवले. पुढे तो इथल्याच मदरसा फौकानियात गेला. तिथे धर्मविद्येबरोबर आधुनिक विषयही होते. मौदूदी पुढे पत्रकार झाले. 1932 साली त्यांनी हैदराबादेत ‘तर्जुमान-उल-कुरआन’ मासिकाचे संपादन हाती घेतले आणि त्यातूनच वाचक मिळवला. 1941 मध्ये त्यांनी लाहोरला जमात-ए-इस्लामी ही संघटना स्थापन केली. रीतसर उस्तादांकडे न शिकलेला माणूस, असा उलेमांचा, म्हणजे मदरशांत शिकलेल्या धर्मपंडितांचा, त्यांच्यावर आक्षेप होता.

मौदूदींचे अभ्यासक वली नस्र यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मौदूदींनी 1926 मध्ये दिल्लीत देवबंदी उलेमांकडून सनद मिळवली होती. आयुष्यभर त्यांनी ती पुढे केली नाही. 1979 मध्ये ते गेल्यावर ती उजेडात आली. एका वाक्यात आक्षेप मिटला असता, तरी ते गप्प राहिले. मला याचा अर्थ असा दिसतो की, आपला अधिकार लेखणीवर उभा राहावा, हा त्यांचा निर्णय होता. इस्लामी राज्याचा त्यांचा विचार मला अजिबात मान्य नाही. पण हा निर्णय समजून घेतल्याशिवाय विसाव्या शतकातला इस्लाम कळणार नाही.

म्हणून उलेमा मागे पडले, असे मात्र झाले नाही. अभ्यासक मुहम्मद कासिम झमान यांनी 2002च्या पुस्तकात तेच मांडले: छापखाना त्यांनीही वापरला. आधुनिक शिक्षणही काहींनी आपलेसे केले. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींचे उदाहरण तर शेजारचेच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचा जामिया, म्हणजे मोठा मदरसा, त्यांचा. त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय जालन्याच्या वाटेवर बदनापूरजवळ वरुडीला आहे. 2011च्या जानेवारीत वस्तानवी देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख, झाले आणि जुलैत त्यांना दूर करण्यात आले. वाद पेटला तो गुजरातविषयीच्या त्यांच्या विधानांवरून.

धार्मिक अधिकाराचा हा इतिहास मराठीत लिहायचा तर मराठवाड्यातल्या मदरशांच्या सनदा, वर्गणीच्या वह्या, शिकवलेली पुस्तके वाचावी लागतील. त्यासाठी उर्दू-फारसी येणारे मराठी संशोधक हवेत. आपल्या विद्यापीठातल्या इतिहास आणि उर्दू विभागांनी हे काम एकत्र हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.